अदृश्य अक्षराची बाजू

मंडळी, आज थोडं भांडणार आहे. भांडण फारसी भाषेच्या वतीने आहे, आणि ज्यांच्याशी आहे त्यांतले बरेचसे माझ्या घरचेच आहेत. संगणकाच्या क्षेत्रात नोकऱ्या करणारे भाचे, पुतणे, एक जावई. ते हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे, कारण इथे शुद्धलेखनाची चूक झाली की पहिला फोन त्यांच्या आयांचा येतो.

म्हणणं असं आहे. ब्राउझरमधल्या लिहायच्या चौकटीत फारसी मजकूर टंकताना आणि नंतर तो दुरुस्त करताना जो छळ होतो, त्याचा दोष फारसी लिपीच्या माथी मारला जातो. ‘ती लिपीच अवघड, त्याला संगणक तरी काय करणार!’ हे साफ खोटं आहे. चौकट बनवणाऱ्याने फारसी म्हणजे ‘अरबीच, चार अक्षरं जास्त’ असं धरून घेतलं, आणि त्याच्या डोळ्यांना जे दिसलं नाही ते कचरा समजून झाडून टाकलं. याला मी आळस म्हणते. तांत्रिक मर्यादा हे त्याचं घरात बोलायचं नाव.

(ब्राउझरला आपण पूर्वी जालावर हौसेने ‘न्याहाळक’ म्हणायचो. शब्द छान होता, टिकला नाही. असो.)

तुम्ही विचाराल, बाई, तुमचा फारसीशी संबंध काय? बी.ए. मराठी माध्यमातून केलं, जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर मोडी कागद वाचायला लागले आणि तिथे ओळीओळीत फारसी शब्द भेटायला लागले. माधव जूलियनांचा, म्हणजे फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवणाऱ्या माधव त्र्यंबक पटवर्धनांचा, १९२५ सालचा फारसी-मराठी कोश हाताशी घेतला, लिपी गिरवली, आणि आता मराठीत आलेल्या फारसी शब्दांची एक यादी करते आहे. एका बाजूला मराठी रूप, दुसऱ्या बाजूला मूळ फारसी. माझी फारसी कच्चीच आहे, पण भांडण्यापुरती पुरते.

आता मुद्द्याचं. फारसीत ३२ अक्षरं आहेत. ती सुटी लिहीत नाहीत, शेजारच्या अक्षराला हात देत लिहितात. सात अक्षरं अशी आहेत की ती पुढच्याला हात देत नाहीत, बाकीची देतात. हात दिला की अक्षराचं रूप बदलतं: शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. हे संगणकाला चांगलं जमतं, त्यात काही अडचण नाही. अडचण येते ती जिथे दोन अक्षरांनी हात द्यायचा नाही पण शब्दही तुटू द्यायचा नाही तिथे. त्यासाठी फारसीत एक चिन्ह आहे. त्याला म्हणतात ‘नीमफासिले’. नीम म्हणजे अर्धा, नीमहकीममधला तोच नीम. फासिले म्हणजे अंतर. आपण अर्धी जागा म्हणू. नावात अर्धी जागा असली तरी युनिकोडमध्ये तिची रुंदी शून्य आहे. तिचा क्रमांक २००सी. ती स्वतः दिसत नाही, पण तिच्यामुळे अलीकडचं अक्षर शब्दान्ताच्या रूपात राहतं आणि पलीकडचं नव्याने सुरू होतं.

ही चैन आहे असं वाटत असेल तर उदाहरण घ्या. ‘नामे’ म्हणजे पत्र, लेख. आपल्या करारनाम्यातला, जाहीरनाम्यातला, हुकूमनाम्यातला नामा तो हाच. ‘एक पत्र’ म्हणायचं तर फारसीत ‘नामे-ई’ असं लिहितात, आणि नामे व ई यांच्यामध्ये ही अर्धी जागा असते. ती काढून टाका. नामेच्या शेवटचा मुका ‘हे’ पुढच्या अलिफला हात देतो, बोलका होतो, आणि शब्द वाचला जातो ‘नामहा-य’, म्हणजे ‘ची नावं’. एक पत्र होतं, त्याची कुणाकुणाची तरी नावं झाली. एकही दिसणारं अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही.

माझ्या यादीत ‘बे’ लागून आलेले शब्द पुष्कळ आहेत. बेइमान, बेखबर, बेशरम, बेफिकीर. (बे लागलेल्या शब्दांची मराठीला किती गरज पडली यावर एकदा वेगळं लिहायला हवं.) हा बे इराणात आज ‘बी’ असा उच्चारतात आणि यांतल्या बहुतेक शब्दांत त्याच्यानंतर अर्धी जागा लिहितात. ‘बेचारा’सारखे काही थोडे शब्द तेवढे जोडून. आता बेइमान घ्या. अर्धी जागा काढली की ‘बी’ची ये आणि इमानाचा अलिफ एकमेकांना चिकटतात आणि डोळ्यांना आधी दिसतो तो ‘बिया’ हा शब्द. बिया म्हणजे ‘ये!’ बरं, अर्ध्या जागेऐवजी साधी पूर्ण जागा ठेवावी, तर शब्द मधोमध तुटायला मोकळा होतो. ओळ संपली की ‘बे’ वरच्या ओळीच्या टोकाला लटकतो आणि खालच्या ओळीवर नुसतं इमान शिल्लक राहतं. सगळे बेइमान एका ओळीत सुधारले!

क्रियापदांत तर याशिवाय चालतच नाही. वर्तमानकाळाला आधी ‘मी’ हा उपसर्ग लागतो (आपल्या ‘मी’शी याचा संबंध नाही): मी-ख्वाहम, म्हणजे मला हवं आहे. इराणच्या भाषा-अकादमीने, फरहंगिस्तानने, लिपीचे नियम प्रसिद्ध केले आहेत. त्यांत हा ‘मी’ सुटा पण जवळ लिहावा असं आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाक्यात ही अर्धी जागा येते. इराणच्या मानक संस्थेने कळफलकाचं ९१४७ क्रमांकाचं मानक केलं, त्यात ती शिफ्ट धरून स्पेसबार दाबला की उमटते. इतकी ती रोजची आहे. फोनवरच्या कित्येक फारसी कळफलकांत तिची वेगळी कळ असते.

आणि आता ऐका काय होतं ते. एका संकेतस्थळावर (नाव घेत नाही) शब्दसूची भरायला फॉर्म होता. मी दोन दिवस बसून बे लागलेले शब्द एकेक तपासून भरले. चौकटीत सगळं व्यवस्थित दिसत होतं. ‘साठवा’ दाबलं, पान पुन्हा उघडलं, तर सगळ्या अर्ध्या जागा गायब. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की अदृश्य अक्षरं सुरक्षिततेसाठी आपोआप काढली जातात, आपल्या मजकुरात बदल झालेला नाही. झालेला नाही! बेइमानाचा ‘ये’ झाला आणि हे म्हणतात बदल नाही.

माझ्या भाच्याला विचारलं तर त्याने जी माहिती दिली ती उत्तराहून भारी निघाली. फॉर्ममधून आलेला मजकूर ‘स्वच्छ’ करायला प्रोग्रामर मंडळी एक तयार ओळ वापरतात, एकमेकांची उतरवून घेतात. त्या ओळीत २००बी ते २००डी ही अक्षरं सरसकट उडवा असं लिहिलेलं असतं. यातली २००बी ही शून्य रुंदीची मोकळी जागा, ती उडाली तर फारसीचं काही जात नाही. तिच्या शेजारच्या २००सी आणि २००डी ही भाषेची अक्षरं आहेत. एका गल्लीत राहतात म्हणून तिघांना पकडून नेलं, असा प्रकार.

‘अगं मावशी, ती एज केस आहे,’ भाचा म्हणाला. म्हणजे क्वचित येणारं, कडेचं प्रकरण. मी त्याला म्हटलं, इराणात नऊ कोटींच्या आसपास माणसं राहतात, अफगाणिस्तानातली दरी हीच लिपी लिहिते, आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात येणारी गोष्ट कडेची कशी? कुणाच्या कडेची? पट्टी कुणाच्या वहीवर ठेवून समास आखलात?

आता मराठी वाचक मनात म्हणत असेल, असेल बुवा, आपल्याला काय त्याचं! तर २००डी कडे या. हिचं काम नेमकं उलटं, अक्षरं जोडायचं. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र (हाही फारसीच शब्द), आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. दऱ्यातला तो आडवा पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवतात: एक नुक्तावाला ऱ वापरून, आणि दुसरी साधा र, हलन्त आणि त्यामागे ही २००डी. जालावरचा कितीतरी मराठी मजकूर दुसऱ्या रीतीने लिहिलेला आहे. ती स्वच्छतेची ओळ त्यावरून फिरली की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि वाड्यातल्या आचाऱ्यांना आचार्यपद मिळतं. वाङ्‌मय लिहिताना ङ चा पाय मोडलेला दिसावा म्हणून जे चिन्ह आपण घालतो, ते तर खुद्द नीमफासिलेच, तीच २००सी. तेव्हा फारसीवर होणारा अन्याय आपल्या अंगणातून जातो. (शिवाय फोनमधल्या इमोजींत आई, बाबा, मुलं असं जे एकत्र कुटुंब दिसतं, ते आतून याच २००डीने बांधलेलं असतं. ते सुटं होऊन आई वेगळी, मूल वेगळं दिसायला लागलं की तरुण मंडळी लगेच ‘बग’ म्हणून ओरडतात. कुटुंब फुटलं तर बग, शब्द फुटला तर एज केस.)

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही. न दिसणारं अक्षर मध्ये घालून कुणी खऱ्यासारखाच दिसणारा खोटा पत्ता तयार करू शकतो, लोकांना फसवू शकतो. पण यावरचा उपाय माहीत नाही असं नाही. संकेतस्थळांच्या नावांचे जे आंतरराष्ट्रीय नियम २०१० साली आले, त्यांत ही २००सी सरसकट हाकललेली नाही आणि सरसकट घेतलेलीही नाही. ती दोनच ठिकाणी चालेल असं ठरवलं: एक, हलन्तानंतर, दोन, एरवी एकमेकांना हात देणाऱ्या दोन अक्षरांच्या मध्ये. म्हणजे जिथे तिच्यामुळे काही फरक पडतो फक्त तिथे. पहिली अट आपल्यासारख्या लिप्यांसाठी, दुसरी फारसीसारख्यांसाठी. हा नियम मला इतका आवडला की मी तो वहीत लिहून ठेवला. ज्याने कुणी तो लिहिला त्याला व्याकरण कळत होतं.

त्या आधीचे नियम २००३ चे. त्यांत ही अदृश्य अक्षरं नावातून चक्क पुसली जायची. नवा नियम आला तेव्हा जुन्या-नव्यात चार अक्षरांचं भांडण उरलं: जर्मन भाषेतला दुहेरी एस, ग्रीक शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा, आणि या आपल्या दोघी. आणि जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर, क्रोम, नव्या नियमाने चालू लागला तो २०२३ साली. तेरा वर्षं! माझ्या वर्गातल्या मुलाने गृहपाठाला तेरा दिवस लावले असते तर मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं असतं.

दुसरं प्रकरण ‘ये’चं आणि ‘काफ’चं. ते अर्ध्या जागेपेक्षाही वाईट, कारण तिथे अक्षर दिसतं आणि तरीही फसवतं. अरबी ये आणि फारसी ये यांना युनिकोडमध्ये वेगवेगळे क्रमांक आहेत. अरबी येच्या खाली सगळीकडे दोन टिंबं असतात. फारसी येला शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये असतात, शेवटी नसतात. म्हणजे फरक दिसतो तो फक्त शब्दान्ती. काफाचंही तसंच, दोन काफ, दोन क्रमांक. विंडोजची अरबी लिपीसाठीची जी जुनी सांकेतिक सारणी होती, १२५६ नावाची, तिच्यात पे, चे, गाफ ही फारसीची खास अक्षरं आहेत, अगदी आपली अर्धी जागासुद्धा आहे, पण फारसी ये नाही! मग लोक काय करणार? अरबी ये टंकत राहिले. पुढे युनिकोड आलं, नवे कळफलक आले, काही लोक नवी ये टंकू लागले, काही जुनीच. आज दोन्ही मजकूर जालावर शेजारी शेजारी नांदताहेत.

परिणाम बघा. ‘इराण’ हा शब्द घ्या, त्या देशाचं स्वतःचं नाव. त्यातली ये शब्दाच्या पोटात येते, तिथे तिचं रूप दोन्हीकडे सारखंच. कागदावर छापून दोन माणसांना दाखवा, कुणालाही फरक सांगता येणार नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. आणि ‘अली’ हे नाव घ्या. एका कारकुनाने नोंदवताना एक ये वापरली, दुसऱ्याने शोधताना दुसरी वापरली, की ज्या प्रणालीत दोन्ही ये एक मानायची तजवीज नाही तिथे ‘अशी व्यक्ती आढळली नाही’ हे उत्तर तयार. समोर माणूस उभा आहे, हातात कागद आहे, कागदावर नाव आहे, आणि यादीत तो नाही. आपल्याकडे आधार कार्डावर आणि शिधापत्रिकेवर नावाचं स्पेलिंग वेगळं पडलं की माणसाची कशी फरफट होते ते आपण जाणतो. इथे तर स्पेलिंगही वेगळं दिसत नाही. भांडायचं तरी कशावर बोट ठेवून?

माझ्यासारख्या इकडच्या लोकांची आणखी एक गंमत. आपल्याकडे संगणकात उर्दूचा कळफलक सहज मिळतो, म्हणून बरेच जण त्यावरच फारसी टंकतात. ये आणि काफ तिथे फारसीसारखेच असतात, तेवढं ठीक. पण उर्दूचा गोल ‘हे’ वेगळ्या क्रमांकाचा. म्हणजे करारनाम्याचा नामा उर्दूच्या कळफलकावर लिहिला तर तो इराणी कोशातल्या नाम्याशी जुळत नाही. आकड्यांचं तर विचारूच नका. अरबी लिपीत आकड्यांचे दोन संच आहेत, एक अरबी आणि एक फारसी. त्यांत चार, पाच, सहा यांचे आकार वेगळे, बाकीचे सारखे, क्रमांक मात्र सगळ्यांचेच वेगळे. आणि फॉर्मला यातलं काहीच नको असतं, त्याला इंग्रजी आकडेच हवेत. देवनागरीत वय लिहून बघा, आपलीही तीच गत.

यावर उपाय काय, तर शोधताना एक माना. साठवताना लेखकाने लिहिलं तसं ठेवा, शोधताना दोन्ही ये, दोन्ही काफ, तिन्ही तऱ्हांचे आकडे सारखे धरा. इंग्रजीत लहान लिपी आणि मोठी लिपी शोधताना एक धरतात की नाही? त्यासाठी कुणी लेखकाची मोठी अक्षरं पुसून टाकत नाही.

आता दिशेबद्दल. फारसी उजवीकडून डावीकडे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की फारसीतही संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात, आणि पूर्णविराम, कंस, प्रश्नचिन्ह यांतल्या पुष्कळ चिन्हांना स्वतःची दिशाच नसते. ती आजूबाजूच्या मजकुराची किंवा चौकटीची दिशा घेतात. त्यामुळे डाव्या-उजव्या चौकटीत फारसी वाक्य लिहिलं की शेवटचा पूर्णविराम उडी मारून उजव्या टोकाला, म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसतो. मी आधी समजले माझाच हात थरथरतोय. वाक्यात मध्येच एखादा इंग्रजी शब्द आला तर कर्सरचा खेळ बघण्यासारखा असतो. डावा बाण दाबत चाललंय, चाललंय, आणि शब्दाच्या सीमेवर तो एकदम पलीकडच्या टोकाला! निवडायला जावं तर मधला तुकडा निवडला जातो आणि दोन्ही कडा राहतात. आणि अर्ध्या जागेवरून जाताना बाण दाबला तरी कर्सर हलत नाही, कारण ओलांडायला रुंदीच नाही. दुरुस्ती करणाऱ्याला वाटतं कळ लागली नाही, तो पुन्हा दाबतो, खोडायची कळ असेल तर नको ते खोडतो.

यातलं काही अटळ आहे, ते मी मान्य करते. दोन दिशा एका ओळीत आल्या की थोडी ओढाताण होणारच. पण बरंचसं अटळ नाही. पानाला किंवा चौकटीला ‘दिशा उजवीकडून’ असं सांगायची सोय एचटीएमएलमध्ये १९९७ सालच्या आवृत्तीपासून आहे. पुढे ‘मजकूर बघून दिशा ठरव’ असं सांगायचीही सोय झाली; चौकट पहिलं दिशावान अक्षर बघते आणि त्याप्रमाणे वळते. वाक्याची सुरुवातच इंग्रजी शब्दाने झाली तर ती चुकते, पण नाही त्यापेक्षा बरी. एवढा एक शब्द चौकटीच्या वर्णनात लिहायचा असतो. एक शब्द! तो लिहीत नाहीत, कारण लिहिणाऱ्याने स्वतः त्या चौकटीत कधी फारसी लिहून बघितलेलं नसतं.

ज्यांनी लिहून बघितलं त्यांनी मार्ग काढले. होसेन देरख्शान या इराणी पत्रकाराने २००१ सालच्या नोव्हेंबरात, तेव्हा तो कॅनडात होता, युनिकोड वापरून फारसीत जालावर कसं लिहायचं याची साधी कृती फारसीतच लिहून ठेवली. त्या कृतीवरून किती तरी लोक लिहिते झाले. (पुढे २००८ साली तो इराणात तुरुंगात गेला, २०१४ मध्ये सुटला. ते निराळं आणि मोठं प्रकरण.) आपल्यातल्या ज्यांनी बरहा, गमभन यांच्या आधाराने मराठी टंकायला सुरुवात केली, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. सोय आधी वापरणाऱ्यानेच करून घेतली, कंपन्या मागून आल्या.

आता ‘रोमनमध्येच लिहा की’ म्हणणाऱ्यांकडे वळते. हे लोक फारसीला हे सांगतात आणि मराठीलाही सांगतात, घरातल्या व्हॉट्सॅपवर तर रोज सांगतात. फारसीत झ चा उच्चार असलेली चार अक्षरं आहेत, स ची तीन, त ची दोन, ह ची दोन. उच्चार एक झाला तरी लेखनात शब्दाचं मूळ टिकून आहे. रोमनमध्ये चारही झ एका झेडमध्ये जातात आणि माझ्या यादीतला अर्धा अर्थ तिथेच संपतो. लिपी बदलायचे विचार त्या लोकांनी केले नाहीत असं नाही. अखुंदझादेने १८५७ मध्येच नव्या लिपीचा प्रस्ताव मांडला होता. ताजिकिस्तानात ते प्रत्यक्षात आलं: तिथली फारसी १९२८ च्या सुमारास रोमनमध्ये गेली, १९४० मध्ये रशियन लिपीत. भाषा तीच, पण तिथल्या शाळकरी पोराला हाफिजचं जुनं हस्तलिखित समोर ठेवलं तर ते परकं. आपल्याला हे दूरचं वाटायचं कारण नाही. छापखान्याला सोयीची नाही म्हणून मोडी गेली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही गेली, आणि आज दप्तरखान्यांत मोडीचे ढीग आहेत, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. सावरकरांनी अ ला वेलांट्या-उकार लावून इ-उ काढले, अि, अी, अु असे. यंत्राला खिळे कमी लागावेत हा त्यात एक हेतू होता. काही प्रकाशनांनी ते वर्षानुवर्षं छापलंही. मग संगणक आला, खिळ्यांची अडचणच संपली, आणि आपण मुकाट्याने इ-उ कडे परत आलो. यंत्राच्या अडचणीचं आयुष्य पन्नास वर्षं नसतं. तिच्यासाठी हजार वर्षांची लिपी कशाला मोडायची?

आणखी एक आक्षेप मला आधीच दिसतो आहे, कारण तो एका नातेवाइकांनी लग्नात जेवताना घेतला होता. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्द काढून टाकायला सांगितले, आणि तुम्ही फारसी शुद्धलेखन कसलं घेऊन बसलात! अहो, रघुनाथपंतांनी त्या कोशात आधी दरबारातला रूढ शब्द लिहिला आणि मग त्याला संस्कृत पर्याय दिला. काढायचा शब्दसुद्धा आधी नीट मांडावा लागतो. आणि माधव जूलियनांनी फारसीचा कोश केला, पुढे भाषाशुद्धीचा कैवारही घेतला. दोन्ही एकाच माणसाने. माहिती असणं आणि बाजू घेणं यांत त्यांना भांडण दिसलं नाही.

तेव्हा भाचे-पुतणे-जावई मंडळी, तुमच्या कचेरीत जो कुणी फॉर्म बनवत असेल त्याच्या स्वच्छतेच्या ओळीत २००सी आणि २००डी आहेत का, ते सोमवारी बघा. असल्या तर काढा, किंवा तो २०१० चा दोन ठिकाणांचा नियम लावा. तपासायला शब्द मी देते: ‘दऱ्या’ दोन्ही रीतींनी, ‘वाङ्‌मय’ एकदा, आणि फारसीतलं ‘नामे-ई’. भरा, साठवा, पान पुन्हा उघडून बघा. शब्द मी तुम्हाला विरोपाने पाठवले आहेत, वाटेत त्यांची मोडतोड झाली नसेल तर.

आणि ज्यांना नुसतं लिहून बघायचं आहे त्यांच्यासाठी: कळफलक उर्दूचा घेऊ नका, फारसीचा घ्या, आणि विंडोजमध्ये दोन दिसले तर ‘स्टँडर्ड’ लिहिलेला घ्या. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स एकदम दाबलं की चौकटीची दिशा बदलते. मोठा मजकूर चौकटीत थेट लिहू नका, आधी साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि मग चिकटवा. माझ्या बे लागलेल्या शब्दांची प्रत तशीच वाचली. आता ‘खाना’ लागलेले घेतले आहेत, तोफखान्यापर्यंत आले आहे.